मीठ, साखर आणि स्फटिकाचा धडा

दहिसर हें मुंबई उपनगराच्या उत्तर टोकाचें ठिकाण. त्याच्या एका अंगास राष्ट्रीय उद्यानाचें रान व डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी, आणि या दोहोंना सांधणारी एक लहानशी नदी. तुळशी तलावाच्या बाजूनें ती गोडें पाणी घेऊन निघते आणि थोड्याच मैलांत खाऱ्या पाण्याला मिळते. या आटोपशीर भूभागांत स्फटिकाच्या तीन शाळा पूर्वापार चालत आल्या आहेत. पहिली डोंगराची. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर थंड होऊन जो काळा कातळ झाला, त्याच्या पोकळ्यांत गारगोटीचे आणि इतर खनिजांचे पैलूदार खडे तयार झाले. मालाडजवळच्या कुरारच्या खाणींतील असे नमुने जगांतील संग्रहालयांत गेलेले आहेत. दुसरी शाळा खाडीकाठची. तिचें नांव मिठागर. आणि तिसरी घरांतली, जिची शेगडी संक्रांतीच्या सुमारास पेटत असे.

पहिल्या शाळेंत धडा पुरा व्हावयास युगें लागलीं; दुसरींत तो कांहीं आठवड्यांत होतो; तिसरींत एका रात्रींत. काळाचें प्रमाण निराळें असलें तरी धडा मात्र एकच आहे. पदार्थाचे कण मोकळे असतात, त्यांना सावकाश जागा धरावयास सवड मिळाली म्हणजे ते ओळीनें, थरानें, ठराविक कोनांत बसतात. आणि त्या बसण्यांतून जो घट्ट, सपाट पैलूंचा देह तयार होतो त्यास स्फटिक म्हणावयाचें. व्याख्या एवढीच आहे. पण ती पाठ करणें आणि ती डोळ्यांनीं घडतांना पाहणें यांत जें अंतर आहे, त्याचा इतिहास बराच लांब आहे, आणि त्यांत मुंबईच्या या किनाऱ्याचाही कांहीं वांटा आहे.

शाळेंत स्फटिकीभवन शिकवितांना आज सर्वांत सोपा म्हणून जो प्रयोग सुचविला जातो, तो साखरेचा. एक भांडें पाणी उकळावयाचें, त्यांत तिप्पट भांडीं साखर थोडी थोडी करून विरघळवावयाची, द्रावण कांचेच्या उभ्या पेल्यांत ओतावयाचें, आणि पेल्याच्या तोंडावर आडवी काडी ठेवून तिच्यापासून एक सुती दोरा आंत सोडावयाचा. दोरा अगोदर भिजवून साखरेच्या दाण्यांत लोळवून वाळविलेला असावा. मग वर पातळ फडकें बांधून पेला हलणार नाहीं अशा जागीं आठ-दहा दिवस ठेवला म्हणजे दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे धरतात. मुंबईसारख्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, त्यास अधिक दिवस लागतात. आणि फडकें बांधावयाचें विसरल्यास मुंग्या वर्गाच्या आधीं येतात.

हा प्रयोग पाश्चात्य पाठ्यपुस्तकांतून आला असें पुष्कळांना वाटतें. परंतु तो ज्या दोऱ्यावर टांगला आहे तो दोरा येथलाच आहे. दोऱ्याची खडीसाखर या देशांतील हलवाई शतकानुशतकें करीत आले; भांड्यांत आडवे-उभे दोरे ताणून त्यांत घट्ट पाक ओतावयाचा व तो हलूं न देतां थंड होऊं द्यावयाचा, अशी ती कृति. गुढीपाडव्याच्या गाठींतही दोरा आहे. मात्र तेथें पाक लांकडी सांच्यांत ओतून झटपट थिजवितात, म्हणून गाठी पांढऱ्या, अपारदर्शक व ठिसूळ होतात. साखर तीच, दोरा तोच. एकीकडे सवड दिली आणि दुसरीकडे घाई केली, एवढाच फरक. खडीसाखरेचा खडा आणि पाडव्याची गाठ मुलांच्या हातांत शेजारीं शेजारीं ठेवली, तर स्फटिकीभवनाचा अर्धा धडा बोलल्यावांचून शिकवून होतो.

संक्रांतीचा हलवा हा याहूनही नाजूक प्रकार. ज्या श्रोत्यांनीं घरांत हलवा होतांना पाहिला असेल त्यांना परातीखालची मंद आंच, तिळावर किंवा खसखशीवर चमचा-चमचा पडणारा पाक, आणि परातींत अखंड फिरणारीं बोटें आठवतील. पाक पातळ हवा, आंच मंद हवी, हात थांबतां कामा नये. तेव्हां प्रत्येक दाण्याभोंवतीं साखरेचे सूक्ष्म स्फटिक थरावर थर बसत जाऊन काटा उभा राहतो. आंच वाढली कीं काटा मोडतो व दाणा गुळगुळीत होतो. नव्या सुनेचे व लहान मुलांचे जे हलव्याचे दागिने होतात, ते या काट्यांच्या जोरावर. हें सर्व करणाऱ्या स्त्रियांना अतिसंपृक्त द्रावण हा शब्द ठाऊक नव्हता. पण एकतारी पाक कोठें संपतो आणि दोनतारी कोठें लागतो, हें दोन बोटांच्या चिमटींत ओळखतां येत होतें. पाकांत लिंबू पिळलें कीं साखर पुन्हां दाणेदार होत नाहीं, हेंही त्यांना माहीत होतें. आम्लानें साखरेचा कांहीं भाग फुटून दुसऱ्या दोन साखरा होतात व त्या कणांच्या रांगेंत आडव्या येतात, हें कारण विज्ञानानें मागाहून सांगितलें. गुळाचे खडे स्फटिकासारखे पैलूदार कां होत नाहींत, याचेंही मोठें कारण हेंच. गुळांत त्या साखरा व इतर द्रव्यें आधींच मिसळलेलीं असतात.

साखरेचा दाणा वेगळा काढण्याची विद्या या देशांत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची यादी येते. ही यादी नुसती नांवांची नाहीं. काकवीपासून दाणेदार साखरेपर्यंतच्या पायऱ्यांची ती यादी आहे. मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी बारीक रवाळ साखर. आणि शर्करा या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं खडा किंवा वाळू. म्हणजे गोडीपेक्षां दाणा हीच या पदार्थाची ओळख ठरली. हा शब्द पुढें फारशी-अरबींतून युरोपांत गेला व तिकडील बहुतेक भाषांतील साखरेचीं नांवें त्यापासून झालीं. खंड शब्दही तसाच प्रवास करून इंग्रजींत कॅंडी झाला. इसवी सन ६४७ च्या सुमारास चीनच्या तांग घराण्यांतील सम्राट तायत्सुंग यानें साखर करण्याची रीत शिकून येण्यासाठीं मगधांत माणसें पाठविल्याची नोंद चिनी इतिहासांत आहे. आणि विद्या फिरून घरीं आली ती परकीं नांवें घेऊन: उत्तरेंत साखरेस चीनी म्हणतात, आणि खडीसाखरेस मिसर देशावरून मिश्री.

आतां कोणा चौकस विद्यार्थ्यानें साखरेऐवजीं मीठ घेऊन तोच प्रयोग केला तर काय होतें? उकळत्या पाण्यांत मीठ विरघळवून, दोरा सोडून, पेला थंड केला तर दुसऱ्या दिवशीं दोऱ्यावर जवळ जवळ कांहींच नसतें. मुलगा निराश होतो आणि कित्येकदां शिक्षकही. परंतु या अपयशांतच धड्याचा खरा गाभा आहे. शंभर ग्रॅम पाणी २० अंश उष्णमानावर सुमारें २०० ग्रॅम साखर पोटांत घेतें. तेंच पाणी उकळत असतांना सुमारें ४८७ ग्रॅम घेतें. म्हणजे थंड होतांना पावणेतीनशेंहून अधिक ग्रॅम साखरेला पाण्यांत जागा उरत नाहीं, व ती बाहेर येऊं पाहते. मिठाची गोष्ट निराळी. २० अंशांस ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यांत ३९. केवळ तीन ग्रॅमांचा फरक. मिठाला थंडीनें बाहेर काढतां येत नाहीं. त्याच्या अंगावरून पाणीच काढून घ्यावें लागतें. म्हणून साखरेचें काम चुलीवर व मिठाचें उन्हांत. ऊंस पिकविणाऱ्या घाटावर गुऱ्हाळ आणि खाडीच्या काठीं मिठागर, असें जें श्रमाचें वांटप महाराष्ट्रांत दिसतें, त्याच्या मुळाशीं हे दोन-तीन आंकडे आहेत.

मिठागर ही या तत्त्वाची भव्य प्रयोगशाळा होय. मुंबईच्या मिठागरांत वडाळा, घाटकोपर, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड यांच्या जोडीला दहिसरचेंही नांव येतें, आणि दहिसरच्या पुढें उत्तरेस मिरा-भाईंदरचीं विस्तीर्ण आगरें लागतात. या किनाऱ्यावरील आगरी समाजाचें नांवच आगरावरून पडलेलें आहे. पावसाळा संपला कीं बांध दुरुस्त करावयाचे, वाफ्यांची जमीन पायांनीं तुडवून घट्ट करावयाची, आणि उधाणाच्या भरतीचें पाणी आंत घेऊन तोंड बंद करावयाचें, असा तेथील क्रम. एक हजार ग्रॅम समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, व त्यांपैकीं खाण्याचें मीठ सुमारें २७ ग्रॅम. बाकीच्या क्षारांना चुकवून हें मीठ तेवढें वेगळें काढावयाचें, हें मिठागराचें कौशल्य.

तें कौशल्य असें. पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, उतारानें हळू हळू पुढें सरकवितात. पाणी आटून पांचवा हिस्सा होईपर्यंत चुना व जिप्सम यांचे स्फटिक मागल्या वाफ्यांतच तळाशीं बसतात. मूळ पाण्याचा दहावा हिस्सा राहिला म्हणजे मिठाची पाळी येते. त्या वेळीं पाण्याला तांबूस छटा येते; खारटपणांतच वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची ती किमया. पृष्ठभागावर प्रथम पोकळ, उलट्या मनोऱ्यासारखे नाजूक स्फटिक तरंगतात, मग जड होऊन बुडतात व तळाशीं चौकोनी दाणे वाढूं लागतात. लांब दांड्याच्या लांकडी फळीनें मीठ ओढून बांधावर त्याची रास करावयाची. आणि शेवटीं जें कडवट पाणी उरतें तें, त्यांतील मॅग्नेशियमचे क्षार मिठांत उतरण्यापूर्वींच, काढून टाकावयाचें. तें काढण्यास उशीर झाला तर मीठ कडू होतें व पावसाळ्यांत त्यास पाणी सुटतें. श्रावणांत घरोघर मिठाच्या बरणींत जें पाणी दिसे, तें मुख्यत्वें मॅग्नेशियमच्या या क्षाराचें कर्तृत्व. मिठागरांतील जाणता माणूस पाण्याचा रंग व दाण्याचा पोत पाहून ही वेळ ओळखीत असे. हलवा करणाऱ्या बाईची चिमूट आणि त्याची नजर ह्या एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत.

साष्टीवर सत्ता अनेक आल्या. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले, १७३९ सालीं मराठ्यांनीं तो मुलूख सोडविला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. खाजणांतील काम तेंच राहिलें. परंतु इंग्रजी अमलांत मिठाच्या दाण्यावर कर बसला आणि तो वाढत गेला. १८३७ सालीं मुंबई इलाख्यांत मिठावर मणास आठ आणे कर ठरला. १८४४ सालीं तो एक रुपयावर नेतांच सुरतेंत दंगल उसळली आणि सरकारला तो बारा आण्यांवर उतरवावा लागला. १८८२ चा हिंदुस्थानचा मिठाचा कायदा आणि १८९० चा मुंबई इलाख्याचा कायदा यांनीं सर्व बंधनें पक्कीं केलीं. परवान्यावांचून मीठ तयार करणें हा गुन्हा झाला. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समुद्राचें पाणी आटवून मीठ काढणें हा रसायनशास्त्राच्या पहिल्या पाठांतला प्रयोग. पण समुद्राच्या काठीं राहणाऱ्या मुलानें तो करून तें मीठ घरच्या भाकरीबरोबर खाल्लें, तर तो सरकारचा अपराधी ठरे. निसर्गाचा एक साधा नियम कायद्याच्या कुलुपांत गेला होता.

तें कुलूप ६ एप्रिल १९३० रोजीं दांडीस फुटलें, आणि पाठोपाठ मुंबईचा सारा किनारा त्या प्रयोगाला लागला. चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले यांनीं पाणी आटवून मीठ केलें. विलेपार्ल्यास जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. काँग्रेस हाउसच्या गच्चीवर मिठाचीं कुंडीं झालीं. वडाळ्याच्या मिठागरावर मे आणि जून महिन्यांत लोकांचे जथे चालून गेले व त्यांनीं लाठ्या खाल्ल्या. कोंकणांत शिरोड्यास मे महिन्यांतच सत्याग्रह झाला. त्या दिवसांत घरांतील शेगड्यांवर जें मीठ तयार झालें तें पुष्कळदां मळकट व कडवट होतें. त्यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीनें नवल नाहीं. एका भांड्यांत सर्व पाणी एकदम आटविलें म्हणजे जिप्सम, मीठ व मॅग्नेशियमचे क्षार एकत्रच तळाशीं बसणार. मिठागरांत वाफ्यावर वाफे कां असतात याचें उत्तर शहरांतील सुशिक्षित घरांना त्या कडवट चिमटींत प्रथम मिळालें असेल. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें किनाऱ्यावरील लोकांना घरच्या उपयोगापुरतें मीठ काढण्याची मोकळीक मिळाली, आणि १९४७ सालीं मिठावरील कर उठला.

दाण्याच्या आंत काय आहे, हा प्रश्न मात्र राजकारणाहून निराळ्या वाटेनें सुटला. १६६९ सालीं निकोलस स्टेनो यानें गारगोटीच्या स्फटिकांविषयीं दाखवून दिलें कीं, स्फटिक लहान असो वा मोठा, वेडावांकडा वाढो वा नीट, त्याच्या पैलूंमधील कोन ठरलेले असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रने-झ्युस्त आवी या फ्रेंच धर्मगुरूच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर नमुना खालीं पडून फुटला, अशी कथा सांगतात. प्रत्येक तुकडा एकाच आकाराचा पाहून त्यानें आपल्या संग्रहांतील आणखी नमुने मुद्दाम फोडले, आणि स्फटिक हा लहान लहान सारख्या विटांचा रचलेला आहे असा सिद्धांत मांडला. त्या विटा प्रत्यक्ष मोजण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १९१२ सालीं लाउए यानें स्फटिकांतून क्ष-किरण सोडण्याची युक्ति काढली, आणि १९१३ सालीं विल्यम हेन्री ब्रॅग व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग यांनीं या किरणांच्या साहाय्यानें मिठाच्या दाण्याचा उलगडा केला. त्यांत सोडियम व क्लोरीन यांची जोडी जोडी कोठेंच आढळेना. एका सोडियमभोंवतीं सहा क्लोरीन, एका क्लोरीनभोंवतीं सहा सोडियम, अशी अखंड मांडणी. ही बुद्धिबळाच्या पटासारखी रचना जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या पचनीं पडेना. १९२७ सालींही हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध पंडितानें 'नेचर' पत्रांत तिची थट्टा केली. मिठागरांतील दाणा चौकोनी कां असतो याचें उत्तर मात्र त्या पटांतच होतें.

लॉरेन्स ब्रॅग यांना १९१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां त्यांचें वय अवघें पंचवीस होतें. परंतु शाळेच्या दृष्टीनें याहून बोधप्रद चरित्र डोरोथी हॉजकिन यांचें आहे. दहा वर्षांच्या वयांत, इंग्लंडमधील एका लहानशा वर्गांत, त्यांनीं तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढविले. पेल्याच्या तळाशीं उमललेला तो निळा खडा त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं. पुढें पेनिसिलिन व बी-१२ जीवनसत्त्व यांची रचना त्यांनीं उलगडली, १९६४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९६९ सालीं इन्सुलिनच्या स्फटिकाची रचना प्रसिद्ध झाली. १९३० च्या दशकांत हातीं घेतलेलें काम तेव्हां पुरें झालें. त्या कामांत त्यांच्या हाताखालीं एम. विजयन् हे भारतीय संशोधक होते व त्यांनीं पुढें बंगलोरास या शास्त्राची परंपरा वाढविली. रक्तांतील साखरेला आवर घालणारें द्रव्य अखेर एका स्फटिकांतूनच समजलें, आणि त्याची सुरुवात एका शाळकरी मुलीच्या पेल्यांत झाली होती.

महाराष्ट्रांत असा पेला मुलांच्या हातीं कधीं आला? मराठींतील रसायनविषयक लेखनास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच आरंभ झाला. मुंबईचे हरि केशवजी पाठारे यांनीं जेन मार्सेट या इंग्रज विदुषीचे रसायनशास्त्रावरील संवाद मराठींत आणले. हें मूळ पुस्तक १८०६ सालीं निघालें, आणि लंडनमधील एका बुकबाइंडराच्या दुकानीं उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे या मुलास तेंच वाचून रसायनशास्त्राची गोडी लागली. त्या पुस्तकाचें मर्म असें कीं त्यांत बाई बोलतात आणि मुली प्रश्न विचारतात. उत्तर येण्यापूर्वीं प्रयोग होतो. पुढें कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं मराठींतून रसायन व पदार्थविज्ञान यांवर ग्रंथ लिहून शास्त्रीय परिभाषेची मोठी सेवा केली. १९२८ सालीं पुण्यास 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झालें, आणि १९६६ सालीं मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ग्रंथ आले, परिभाषा आली, मासिकें आलीं. तथापि मार्सेटबाईंच्या संवादांतील प्रयोगाचा भाग पुष्कळ वर्गांच्या बाहेरच राहिला. फळ्यावर व्याख्या, वहींत व्याख्या, आणि परीक्षेंत व्याख्या, असा प्रवास करून स्फटिक हा शब्द मुलाच्या डोक्यांतून बाहेर पडे. त्याच्या डब्यांतील साखरेशीं वा खिडकीबाहेरच्या खाडीशीं त्याची गांठ पडत नसे.

आणि ही गांठ घालून देणें अवघड नाहीं. साखर, मीठ व तुरटी हे तीन जिन्नस प्रत्येक घरांत आहेत. तुरटीचा खडा आठ पैलूंचा होतो, मिठाचा चौकोनी, साखरेचा तिरकस. साखर व तुरटी थंडीनें बाहेर येतात, मीठ उन्हानें. पेला हलविला, ढवळला किंवा एकाएकीं थंड केला तर हजारों कण एकाच वेळीं जागा धरतात व सर्वच खुजे राहतात. शांत ठेवला तर थोडेच कण वाढतात, पण मोठे होतात. साखर-कारखान्यांतही याच नियमावर काम चालतें. १८१३ सालीं हॉवर्ड यानें निर्वात पात्रांत कमी उष्णतेवर रस आटविण्याची रीत काढली, आणि त्या पात्रांत घट्ट झालेल्या रसास साखरेच्या बारीक भुकटीचें बीज द्यावयाचें, मग नवे दाणे उत्पन्न होऊं न देतां तेच दाणे वाढवावयाचे, ही कारागिराची कसोटी. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेच्या कांठीं १९५० च्या सुमारास सहकारी साखर-कारखाना उभा राहिला, तेव्हां शेतकऱ्याच्या मालकीचें झालें तें हेंच पात्र. दोऱ्याला आधीं साखरेचे दाणे लावून ठेवावयाचे, ही शाळेंतील सूचना म्हणजे कारखान्यांतील बीजच होय. एवढें सांगितलें तरी मुलाला आपल्या पेल्यांतून लोणीपर्यंतचा रस्ता दिसतो.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१४ हें वर्ष स्फटिकशास्त्राचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें आणि देशोदेशींच्या शाळांत स्फटिक वाढविण्याच्या स्पर्धा झाल्या. असा उपक्रम दहिसरसारख्या ठिकाणीं करावयाचा तर साखरेच्या पेल्याशेजारीं खाडीच्या पाण्याची एक उथळ ताटली उन्हांत ठेवली कीं पुरे. १९३० पूर्वीं जिच्यासाठीं तुरुंग होता, ती ताटली आज कोणीही मूल गच्चीवर ठेवूं शकतें. मात्र त्या ताटलीचा मोठा भाऊ जो मिठागर, तो या शहरांतून नाहींसा होत चालला आहे. दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आला आणि आगरांच्या कडेकडेनें वस्ती वाढत गेली. कोठें मीठ काढणें थांबलें, कोठें जमिनीचा हक्क न्यायालयांत अडकला; आणि २०२४ सालीं कांजूर, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारें २५६ एकर जमीन धारावी-पुनर्विकासांतील घरांसाठीं देण्याचा निर्णय झाला. घरांची गरज खरी आहे, ती नाकारतां येत नाहीं. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दहिसर नदीही आपल्या कांठांवर चढली. त्या दिवशीं भरतीचें व पावसाचें पाणी पोटांत घेणाऱ्या उघड्या खाजणांची किंमत पुष्कळांना कळली. मिठागर गेलें म्हणजे पाण्याची जागा जाते, आणि तिच्याबरोबर पाण्याचा रंग पाहून मिठाची वेळ सांगणारी नजरही जाते. ती कोणत्याही पुस्तकांत उतरलेली नाहीं.

हलवा आतां बहुतेक बाजारांतून येतो, मीठ पिशवींतून येतें, आणि त्या पिशवींतील मिठाला श्रावणांतही पाणी सुटत नाहीं. सोय झाली, पण घरांतल्या व खाडीकांठच्या दोन्ही शाळा बंद पडत आहेत. उरते ती तिसरी, चार भिंतींची. तिनें एक पेला, एक दोरा आणि आठ दिवसांचा धीर एवढें भांडवल बाळगलें, तरी दहिसरच्या डोंगरानें, खाडीनें आणि शेगडीनें जो धडा पिढ्यान् पिढ्या दिला तो पुढें चालूं शकेल. त्या आठ दिवसांत शिक्षकानें एकच काम करावयाचें: पेल्याला कोणी हात लावूं नये, एवढें पाहावयाचें.